अक्काच्या मंत्रासाठी धुळ्यापर्यंत

नगरला परत आल्यावर आमच्या महिला मंडळातल्या बायकांनी मला खानदेशाविषयी दोनच गोष्टी विचारल्या : ऊन फार होते का, आणि तिकडची वांगी म्हणतात तितकी चांगली असतात का. ऊन नव्हते, पौष महिना होता. वांगी तितकीच चांगली असतात. पण मी तिकडे गेले होते ते ह्या दोहोंसाठी नव्हे, आणि जे पाहून आले ते सभेत चहा येईपर्यंत सांगून संपण्यासारखे नाही. म्हणून लिहून काढते.

आधी माझे सांगते. मी दवाखान्यात सुईण आहे. मंत्र, ताईत, अंगारा ह्यांच्याशी माझे भांडण नाही. बाळंतिणीच्या दंडाला ताईत असला तर असू द्यावा आणि नाळ उकळलेल्या कात्रीने कापावी, असे माझे धोरण आहे. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, लहानपणीच खानदेशात दिलेली. तिच्या अंगावरून वारे गेल्याचा निरोप आला. उजवा हात गेला, वाचा गेली. तेवढ्याने मी घाबरले नसते. पण ती जेवत नाही, असे निरोप आणणाऱ्याने सांगितले, तेव्हा मी रजा मागितली.

जळगाव ते वाघूरकाठ

जळगाव स्टेशनावर उतरले की पहिल्यांदा नाकात जाते तो कापूस. गाठींचे ढीग, गाड्यांची रांग, सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे, आणि हवेत तरंगणारे तंतू. अक्काचे यजमान, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, बैलगाडी घेऊन आले होते. आबा कमी बोलतात. बैलांशी बोलतात तितकेच माणसांशी.

नशिराबादच्या रस्त्याला बाभळींच्या काट्यांना दोन्ही बाजूंनी कापूस लटकलेला होता. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांतून काटे आपला वाटा काढून घेतात. आमच्याकडे बाभळीला कधी पांढरे फुलताना पाहिले नव्हते. नशिराबादेत आबांनी एका मणियाराच्या दुकानापुढे गाडी थांबवली. म्हातारा मुसलमान गृहस्थ. अक्काच्या लग्नापासून तिला बांगड्या ह्याच घरच्या. त्याने अक्काची चौकशी केली, माप न विचारता हिरव्या बांगड्या काढल्या आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "बाई बरी झाली की स्वतः येऊन भरेल, तेव्हा घेईन."

गाव तिथून पुढे कोसभर, वाघूर नदीच्या काठी. मी अक्काच्या खाटेशी जाऊन बसले. तिने मला ओळखले, डावा हात पुढे केला, आणि म्हणाली, "जा."

मी आबांकडे पाहिले. ते म्हणाले, "सर्व्यायले तेच म्हनते. तेवढा एकच शब्द उरला तिच्यापाशी."

बांगड्या भरायला मी तिचा डावा हात हातात घेतला. मणियाराचे माप चुकले नव्हते, हात चुकला होता. बांगड्या कोपरापर्यंत गेल्या आणि तशाच परत घरंगळत आल्या.

संध्याकाळी सून सिंधूने माझ्यापुढे ताट ठेवले. हिरवी लांबट वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजून, लाकडी कुंड्यात ठेचून केलेले भरीत, वर कांद्याची पात आणि तेल, सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेले पीठ. आमची वांग्याची भाजी ह्याच्यापुढे पथ्याची वाटते. मी पोटभर जेवले हे कबूल करते, आणि शेजारच्या खोलीत अक्का दुधाचे दोन चमचेही तोंडाबाहेर काढून टाकत होती हेही सांगते.

कारण आबांनी सांगितले. लग्नानंतर काही वर्षांनी गावात एक साधू चातुर्मासाला राहिले होते. त्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांनी अक्काला मंत्र दिला. नियम दोन : मंत्र कोणाला सांगायचा नाही, आणि सकाळी जप झाल्याशिवाय अन्न तोंडात घालायचे नाही. तिने इतक्या वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता, पण जप ती केव्हा आणि कसा करते हे घरात कोणी कधी विचारले नव्हते. आता वारे गेल्यापासून तिला मंत्रच आठवत नाही. जप नाही, म्हणून जेवण नाही. नुसते पाणी आणि चुकून पोटात गेलेले दूध.

"तुम्हाला ठाऊक असेल की," मी म्हटले.

आबा म्हणाले, "दुसऱ्याच्या ताटात हात घालतो का कोनी?"

आमच्या दवाखान्यातल्या कोणत्याही नवऱ्याकडून हे वाक्य मी ऐकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारे गेल्यापासून घरच्यांनी पाडलेली रीत पाहिली. अक्काला उचलून देवापुढे पाटावर बसवायचे, पाठीला लोड, डाव्या हातात माळ. मग सारे घर गप्प. गोठ्यातली जनावरे आधीच बाहेर नेलेली. सिंधू ताक घुसळायची तेसुद्धा आवाज नको म्हणून मागच्या पडवीत, दार लावून. अक्का त्या शांततेत माळेकडे पाहत बसली. मणी पुढे सरकत नव्हता. थोड्या वेळाने तिने माळ टाकली आणि पडवीच्या दाराकडे बोट केले. "जा. जा."

"पाहा," सिंधू माझ्या कानाशी म्हणाली. "लोनं पाह्यचं हाय त्यायले. आंग गेलं पन लोन्यावरचा जीव नही गेला." ती लोण्याचे मडके घेऊन आली, सासूपुढे धरले. अक्काने तोंड फिरवले. मला वाटले, ताज्या लोण्याशी भाकरी हवी असेल. तीही करून दिली. तिने हाताने ताट लोटले.

मी व्यवहारी बाई. कुलूप असेल तर किल्ल्या लावून पाहाव्यात. मी तिच्या कानाशी बसून ठाऊक असलेल्या सगळ्या देवांची नावे घेतली, मग गावच्या जोशांना बोलावून त्यांच्याकडून आणखी मंत्र म्हणवले. अक्काने डोळे मिटून घेतले. शेवटी जोशी म्हणाले, नवाच मंत्र घ्या, देव काही नाही म्हणणार नाही. तेव्हा तिने डोळे उघडून माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तिला सांगत होते, तुझे मूल हरवले ना, मग हे दुसरे घे. मी जोशांना दक्षिणा देऊन वाटेला लावले.

माणूस उपाशी किती दिवस काढते याचा अंदाज माझ्या धंद्यात येतो. तिच्याजवळ फार नव्हते.

बाबा केव्हाच वारले होते. पण त्याच चातुर्मासात गावच्या आणखी एका लेकीने मंत्र घेतला होता. तिचे नाव गिरजाई, दिली होती धुळ्याच्या पलीकडे पांझरेकाठी. बाबा तिच्या सासरच्या गावीही पुढे येऊन राहत. तिला ठाऊक असेल, नाहीतर कोणालाच नाही. मी म्हटले, उद्या निघू. आबांनी विचारले नाही की कशाला. वांग्यांची करंडी मात्र भरून घेतली. माहेरचे काही नेल्याशिवाय गावच्या लेकीच्या दारात जायचे नाही, असे त्यांचे म्हणणे.

चाळीसगावला गाडी बदलून

मोठ्या गाडीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. चाळीसगावला धुळ्याची गाडी धरली. ती छोट्या फाट्यावरची, घाई नसलेली गाडी. शिरूडला आबा तांब्या घेऊन पाण्याला उतरले, आणि गाडी सुटली. मी खिडकीतून ओरडले. आबा तांब्या सांभाळत गाडीच्या बाजूने चालत राहिले, पळाले नाहीत, आणि मागच्या डब्यात चढले. पुढच्या स्टेशनावर माझ्यापाशी आले तेव्हा तांब्या काठोकाठ होता. डब्यातला एक सरकी-व्यापारी म्हणाला, आबा, पळायचं तरी. आबा म्हणाले, "पळालो असतो तं पानी सांडलं असतं."

तेवढ्या वेळात त्यांची करंडी कलंडून वांगी साऱ्या डब्यात गेली होती. ती बाकांखालून गोळा करताना व्यापाऱ्याने धुळ्याला कशाला चाललात म्हणून विचारले. मी खरे ते सांगितले. तो हसेल असे वाटले होते. त्याने हातातले वांगे करंडीत नीट ठेवले आणि म्हणाला, "ती बाई सांगणार नाही. पण जा तुम्ही."

पांझरेकाठ

धुळे मला आवडले. रस्ते रुंद आणि सरळ, जणू कोणी दोरी लावून आखलेले. आमच्या नगरच्या गल्ल्यांत वळण घेताना गाय आधी की आपण याचा निवाडा करावा लागतो. इथे बोलीही बदलली. टांगेवाला आबांशी बोलत होता ते निम्मे मला कळेना. नदीच्या वरच्या अंगाला टांग्याने निघालो. ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे, त्यांच्यातून निघालेले पाट, आणि पाटाखाली साऱ्या गावाचा ऊस एका फडात. पाणी कोणाच्या शेतात आधी जायचे हे गावानेच ठरवलेले. कोरड्या माळावरून येऊन एकदम त्या हिरव्यात शिरले की डोळे निवतात.

गिरजाईच्या घरापुढे पोचलो तेव्हा ती अंगण सारवत होती. वाळलेली, ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, उकिडवी बसून शेणकाल्यात हात फिरवत मागे मागे सरकणारी. आबांनी हाक मारली. तिने वर पाहिले नाही. मी पाऊल पुढे टाकले तेव्हा एवढेच म्हणाली, "थांबा. वलं शे."

आम्ही कडेला उभे राहिलो. प्रथम मला चीड आली, आम्ही कुठून आलो होतो. मग करायला दुसरे काही नव्हते म्हणून मी अंगण पाहिले. सारवणात हाताचे अर्धगोल उठतात ते कोणाच्याही अंगणात असतात. पण इथे एकासारखा दुसरा होता, दुसऱ्यासारखा तिसरा, माशाच्या खवल्यांसारखे, उंबऱ्यापासून कुंपणापर्यंत. कुठे हात थांबल्याची खूण नव्हती, कुठे घाई केल्याची नव्हती. हात बाहेर जाताना तिचा श्वास बाहेर जात होता, परत येताना आत. ओठ हलत होते की नाही ते मला त्या अंतरावरून सांगता आले नसते. मी दवाखान्यात श्वास मोजण्यात आयुष्य घालवले आहे. जाग्या माणसाचा इतका एकसारखा श्वास मी पाहिलेला नव्हता. माझी चीड केव्हा गेली ते कळले नाही. टांगेवालाही जोडे काढून उभा होता.

शेवटचा अर्धगोल संपला, तिने हात धुतले, आणि मग आबांना ओळखून इतकी आनंदली की करंडीतले एकएक वांगे हातात घेऊन पाहू लागली. भाकरी, डाळ आणि उसाची काकवी खाल्ल्याशिवाय तिने आम्हांला बोलू दिले नाही.

मी सारे सांगितले. ती ऐकून म्हणाली, "तिना मंतर माले ठाऊक नही. ठाऊक ऱ्हातं तरी सांगाले येत नही."

मी म्हटले, माणूस मरते आहे. ती म्हणाली, बाबांनी प्रत्येकीला वेगळा दिला होता, ती तरी कुठून आणणार. मला राग आवरेना. मी विचारले, असे आहे काय त्या शब्दांत? अर्थ तरी काय त्यांचा?

"अर्थ?" गिरजाई म्हणाली. "तुन्हा नावना अर्थ तुले ठाऊक शे का? तरी हाक मारी तं तू मांगे देखसच ना."

 तिने मग अंगणाकडे हात केला. "ही मन्ही माळ."

त्यानंतर तिने जे सांगितले ते तिच्या बोलीतून मला समजले तसे लिहिते. बाबांनी कोणाही बाईला डोळे मिटून बसवले नाही. ते म्हणत, घरच्या बाईला बसवले की ती चुलीचा विचार करते. तिचे हात चालू असले तरच मन बसते. म्हणून ते आधी विचारायचे, रोजचे असे कोणते काम आहे ज्यात हात जातो आणि येतो. मंत्र त्या कामात देत. हात गेला की श्वास जातो, आला की येतो, आणि शब्द त्या श्वासावर बसतो. काही वर्षे आपण म्हणतो. मग म्हणावा लागत नाही, हात उचलला की तोच सुरू होतो. तोंडाला तो ठाऊकच नसतो. तोंडाला विचारून काय मिळणार?

मग तिने आबांना विचारले, "कोनतं काम ती सूनना हातमां दे नही?"

 त्यांनी डोक्यावरचे पागोटे काढून मांडीवर ठेवले. माझ्या डोळ्यांपुढे अक्काच्या घरचे पडवीचे बंद दार आले आणि त्याच्याकडे केलेले तिचे बोट.

"रवी," आबा म्हणाले. "सुनेले कधी हात लावू नही दिला. आम्ही सर्वे तिले लोन्याची राखनदार म्हनत जाऊ. तोंडावर म्हनत जाऊ." मग म्हणाले, "ती हासे."

मी गिरजाईला सांगितले की अक्काचा उजवा हात मेलेला आहे, आणि रवीच्या दोरीला दोन हात लागतात.

"दोरीले दोन टोके ऱ्हातस. एक तू धर," ती म्हणाली, आणि माझ्याकडे नीट पाहून पुढे म्हणाली, "पन खेचू नको. तिना मांगे जाय."

परत वाघूरकाठी

आल्यावर सिंधूला एवढेच सांगितले की उद्या ताकाचा डेरा पुढच्या घरात आण, त्याच्या जुन्या जागी, घुसळखांबापाशी. जनावरे गोठ्यातच राहू देत. कोणी गप्प बसायचे नाही.

सकाळी अक्काला खांबापाशी बसवले, मागे आबा आधाराला. तिने डेरा पाहिला, पण या वेळी "जा" म्हणाली नाही.  मी दोरीचे एक टोक तिच्या डाव्या हातात दिले, दुसरे मी घेतले आणि घुसळायला लागले.

काही होईना. रवी फिरत होती, ताक उडत होते, अक्काचा हात माझ्या ओढीबरोबर नुसता फरफटत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी आणखी जोर लावला. मी नेहमीच जोर लावते, त्यावर माझे पोट चालते. मग गिरजाईचे शब्द आठवले. मी दोरी सैल सोडली.

दोरी पडून राहिली. गोठ्यात म्हैस ओरडली, बाहेर कोणीतरी गाडी जुंपत होते. मी थांबले. न ओढता नुसते धरून बसणे हे मला फार जड गेले.

मग माझ्या बोटांना एक ओढ लागली. मासा गळाला लागावा इतकीच. मी हात जाऊ दिला. ओढ संपली तशी मी हळूच परत घेतला, तिच्या श्वासाबरोबर. पुन्हा ओढ आली. पहिल्याहून थोडी मोठी. बांगड्या मनगटाकडे गेल्या, कोपराकडे आल्या. थोड्याच वेळात मी घुसळत नव्हते, घुसळले जात होते. तिचा श्वास खोल झाला, एकसारखा झाला, आणि मला ते अंगण आठवले. माझाही श्वास त्याच चालीवर पडला होता, मी पाडला नव्हता. 

तिचे ओठ हलले. चमचा तोंडात घातला तर जे ओठ दुधावर मिटत नव्हते ते मिटत होते, उघडत होते, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. आवाज रवीच्या घुमण्यात बुडत होता. पण मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या ओठांवरून ओळखण्याची मला सवय आहे. आणखी दोन फेऱ्या पाहत राहिले असते तर मला तो कळला असता.

मी तोंड फिरवून खांबाकडे पाहत बसले. बाळंतिणीची अब्रू राखायला जिथे पाहू नये तिथे मी पाहत नाही. हेही तसेच होते, आणि त्याहून मोठे होते.

लोणी आले तेव्हा तिने दोरी स्वतः सोडली. आबा मागून तिला धरून होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. सिंधूने भाकरी ताकात कुस्करून वाटी पुढे केली. अक्काने तोंड उघडले.

पहिला घास गेला, दुसरा गेला. सिंधू भरवता भरवता थांबली. "लोन्यासाठी नव्हतं ते," ती म्हणाली. "अन् मी इतके वरीस त्यायच्या नावानं बोटं मोडत व्हते." अक्काने डाव्या हाताने वाटी जवळ ओढली आणि म्हणाली, "जा." सिंधू रडता रडता हसली.

आमच्या डॉक्टरांना मी येऊन विचारले. ते म्हणाले, वारे गेलेल्या माणसाला बोलता येत नसले तरी सवयीचे गाणे कधीकधी येते, अंगवळणी पडलेले जात नाही. त्यांचे खरे असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त ती पहिली ओढ त्यांच्या बोटांना लागलेली नाही.

अक्काचा हात अजून तसाच आहे, शब्दही एकच आहे. पण ती जेवते. मी राहिले तितक्या दिवसांत रोज सकाळी रवीवर बसले, आणि एकदाही जोर लावला नाही. निघताना गाडी नशिराबादेत थांबवून मणियाराला सांगितले, बांगड्या अजून सैल आहेत पण पडत नाहीत. त्याने आकाशाकडे हात केले.

मंडळातल्या एकीने हे सारे ऐकून विचारलेच, मग मंत्र कोणता होता? मला ठाऊक नाही. माझ्या हाती दोरीचे एकच टोक होते, आणि तेही मी येताना सिंधूच्या हाती देऊन आले.